विश्लेषण : स्वयंचलित कारचे नवे कॅमेरे नेमके कधी येणार? घोषणेपासून रस्त्यापर्यंतचा अंदाज कसा बांधतात?

टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील पहिले दालन उघडले. तेथे ‘मॉडेल वाय’ मोटारीबरोबर ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’ ही सुविधा सहा लाख रुपयांना देऊ करण्यात आली. भारतात ती तेव्हा वापरता येत नव्हती. म्हणजे ग्राहक पैसे आज मोजणार आणि सुविधा पुढे कधीतरी मिळणार. तोपर्यंत मोटारीतील कॅमेरे आणि संगणक जुने झाले तर? हा प्रश्न एका कंपनीपुरता नाही. स्वयंचलित वाहनांसाठी नवा कॅमेरा किंवा नवी चिप जाहीर झाली की ‘आता हे सगळ्या गाड्यांत येणार’ अशा बातम्या येतात. प्रत्यक्षात कधी येते, हे ठरवण्याच्या काही बऱ्यापैकी भरवशाच्या पद्धती आहेत.

‘आले’ म्हणजे नेमके काय?

अंदाज चुकण्याचे पहिले कारण म्हणजे प्रश्नच धूसर असतो. नवा कॅमेरा ‘आला’ असे पाच वेगवेगळ्या टप्प्यांवर म्हणता येते. सेन्सर कंपनीने तो जाहीर केला, वाहन कंपनीने तो निवडला, तो बसवलेली पहिली मोटार ग्राहकाला मिळाली, त्याची पूर्ण क्षमता वापरणारे सॉफ्टवेअर सुरू झाले आणि शेवटी, विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारींत तो दिसू लागला. या टप्प्यांमध्ये काही वर्षांचे अंतर असते.

टेस्लाचेच उदाहरण पाहू. कंपनीच्या चौथ्या पिढीची यंत्रणा, म्हणजे ‘हार्डवेअर ४’, २०२३च्या सुरुवातीला मोटारींत बसू लागली. आधीच्या पिढीतील कॅमेरे सुमारे १.२ मेगापिक्सेलचे होते, नवे सुमारे पाच मेगापिक्सेलचे. मात्र या कॅमेऱ्यांचे चित्र पूर्ण स्पष्टतेत वापरणारी सॉफ्टवेअरची १३वी आवृत्ती २०२४च्या अखेरीस आली. म्हणजे कॅमेरा काचेमागे बसल्यापासून तो पूर्णपणे कामाला लागेपर्यंत जवळपास दोन वर्षे गेली. ‘२०२३ मध्ये येईल’ आणि ‘२०२४ मध्ये येईल’ असे दोन अंदाज कुणी केले असते तर दोघांनाही आपण बरोबर ठरलो असे म्हणता आले असते. म्हणून आधी टप्पा ठरवायचा आणि मग तारीख सांगायची, हा पहिला नियम.

मोबाइलमध्ये काही महिने, मग मोटारीत वर्षे का?

मोबाइलचा कॅमेरा खिशात राहतो आणि तीन-चार वर्षांत फोन बदलला जातो. मोटारीचा कॅमेरा पुढच्या काचेमागे उन्हात तापतो, थंडीत गारठतो, खड्ड्यांचे हादरे खातो आणि त्याने दहा-पंधरा वर्षे काम करावे अशी अपेक्षा असते. वाहनांतील चिपसाठी ‘एईसी-क्यू१००’ ही चाचणी मानके आहेत. त्यांतील दुसऱ्या श्रेणीत उणे ४० ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चिप टिकावी लागते. त्यावर ‘आयएसओ २६२६२’ हे सुरक्षेचे मानक आहे. एखादा भाग बिघडला तर मोटार काय करील, याचा हिशेब त्यात कागदावर आणि प्रत्यक्ष मांडून दाखवावा लागतो.

कॅमेऱ्याचे कामही वेगळे आहे. बोगद्यातून बाहेर पडताना समोर लख्ख ऊन आणि आत अंधार अशा दोन्ही भागांतील तपशील त्याला एकाच चित्रात दिसायला हवेत. एलईडी सिग्नल डोळ्यांना सतत पेटलेला वाटत असला तरी तो प्रत्यक्षात वेगाने उघडझाप करत असतो. साध्या कॅमेऱ्याने नेमक्या विझलेल्या क्षणी चित्र टिपले तर लाल दिवा दिसतच नाही. सोनीने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या ‘आयएमएक्स३९०’ या सेन्सरचे वैशिष्ट्य या दोन्ही अडचणी एकाच वेळी दूर करणे हेच होते.

तिसरी अडचण गणिताची. १.२ मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे सेकंदाला ३० चित्रे घेत असतील तर संगणकाकडे सेकंदाला सुमारे २९ कोटी बिंदूंची माहिती जाते. कॅमेरे आठ मेगापिक्सेलचे केले की हा आकडा १९२ कोटींवर जातो. म्हणजे नुसता कॅमेरा बदलून भागत नाही. चिप, वायरिंग, ती थंड ठेवण्याची व्यवस्था आणि वीजवापर हे सारे बदलावे लागते. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रांवर शिकवलेले सॉफ्टवेअर नव्या चित्रांवर पुन्हा शिकवावे लागते. म्हणून वाहन कंपन्या कॅमेरा एकटा बदलत नाहीत. नवे मॉडेल किंवा मोठा बदल येतो तेव्हा पूर्ण संच बदलतात. एका मॉडेलची पिढी साधारण सहा ते आठ वर्षे चालते आणि मधे एकदा चेहरामोहरा बदलतो. नव्या यंत्रणेसाठी दार उघडते ते या दोन वेळांनाच. तेवढ्यात गाठ पडली नाही तर पुढच्या वेळेपर्यंत थांबावे लागते.

मागचा अनुभव काय सांगतो?

नवे तंत्र किती चांगले आहे, यावर विचार करण्याआधी तशा प्रकारच्या गोष्टींना पूर्वी किती वेळ लागला ते पाहणे, ही अंदाजशास्त्रातील जुनी शिकवण आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी दाखवून दिले की माणसे स्वतःच्या प्रकल्पाचा वेळ हमखास कमी धरतात. आतून पाहिले तर सगळे वेळेवर होईल असे वाटते, बाहेरून पाहिले तर तशाच दहा प्रकल्पांचा उशीर दिसतो.

येथे बाहेरून पाहण्यासाठी इस्रायलची ‘मोबिलआय’ ही कंपनी उपयोगी पडते. १९९९ मध्ये जेरुसलेममध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या ‘आयक्यू’ चिप जगातील अनेक वाहन कंपन्या कॅमेऱ्यांबरोबर वापरतात. तिची चौथी चिप २०१५ मध्ये जाहीर झाली आणि २०१८ मध्ये मोटारींत आली, म्हणजे तीन वर्षे. पाचवी २०१६ मध्ये जाहीर झाली, नमुने २०१८ मध्ये तयार झाले आणि मोटारी २०२१ मध्ये आल्या, म्हणजे पाच वर्षे. सहावी जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाली आणि तिची छोटी आवृत्ती २०२४ मध्ये उत्पादनात आली, म्हणजे दोन वर्षांहून थोडे अधिक.

सेन्सरचेही तसेच. सोनीने ७.४२ मेगापिक्सेलचा वाहन-सेन्सर २०१७ मध्ये जाहीर केला. त्या स्पष्टतेचे, म्हणजे सुमारे आठ मेगापिक्सेलचे अनेक कॅमेरे असलेली झीकर ००१ ही चिनी मोटार २०२१ मध्ये ग्राहकांना मिळू लागली. घोषणा आणि पहिली मोटार यांत दोन ते पाच वर्षे, हे मोजमाप हाती आले की पुढचे अंदाज या पट्ट्यातून सुरू करता येतात. सोनीने सप्टेंबर २०२३ मध्ये १७.४२ मेगापिक्सेलचा ‘आयएमएक्स७३५’ जाहीर केला. आधीच्या चार वर्षांच्या मापाने पहिली मोटार २०२७च्या आसपास यायला हवी. मात्र दुप्पट बिंदू हाताळणारी चिप स्वस्त झाली नाही तर ही तारीख पुढे सरकेल आणि सुरुवात महागड्या मोटारींपासून होईल, असे म्हणणे अधिक सावधपणाचे ठरते.

टेस्लाचे वेळापत्रक वेगळे का?

टेस्ला नवी पिढी आली की मॉडेलच्या मोठ्या बदलाची वाट पाहत नाही, उत्पादन सुरू असतानाच भाग बदलते. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका पुढच्या कॅमेऱ्याची पहिली यंत्रणा आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये आठ कॅमेऱ्यांची दुसरी आली. २०१९ मध्ये कंपनीची स्वतःची चिप असलेली तिसरी आणि २०२३ मध्ये चौथी आली. म्हणजे दोन ते चार वर्षांचे अंतर. हा नमुना पाहून पुढच्या पिढीचा अंदाज करणे सोपे वाटते. अडचण आहे ती कंपनीने स्वतः दिलेल्या तारखांची.

कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क यांनी २०२४च्या जूनमध्ये पाचव्या पिढीची चिप २०२५च्या उत्तरार्धात येईल असे सांगितले होते. २०२५ संपता संपता त्यांनीच मोठ्या संख्येने चिप मिळण्यासाठी २०२७ उजाडेल असे सांगितले. २०१९च्या एप्रिलमध्ये त्यांनी पुढच्या वर्षी दहा लाखांहून अधिक रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील असे म्हटले होते. प्रत्यक्षात जून २०२५ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात काही मोजक्या गाड्यांनी, शेजारच्या आसनावर सुरक्षा कर्मचारी बसवून सेवा सुरू झाली. म्हणून जाणकार टेस्लाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. हार्डवेअर कारखान्यात बसण्याचा वेग इतरांपेक्षा जास्त असतो, पण त्यातून काय करता येईल याच्या तारखा बऱ्याच पुढे ढकलाव्या लागतात.

याची झळ ग्राहकाला बसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने आपल्या सर्व नव्या मोटारींत पूर्ण स्वयंचलित चालनासाठी लागणारे हार्डवेअर असल्याचे जाहीर केले. नंतर ज्यांनी ही सुविधा विकत घेतली होती त्यांचा संगणक बदलून तिसऱ्या पिढीचा द्यावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये मस्क यांनी मान्य केले की अशा ग्राहकांचा तिसऱ्या पिढीचा संगणकही बदलावा लागेल. चौथ्या पिढीचे कॅमेरे जुन्या मोटारींत बसवणे परवडणारे नाही, असे त्यांनी २०२३ मध्येच सांगितले होते.

चीनने अंदाज का बिघडवले?

मोटार विकसित करायला चार-पाच वर्षे लागतात हे गृहीतक युरोप, जपान आणि अमेरिकेतील कंपन्यांवर बेतलेले होते. चिनी कंपन्यांनी हा काळ जवळपास निम्म्यावर आणला. नियो कंपनीने आठ मेगापिक्सेलचे ११ कॅमेरे असलेली ‘ईटी७’ जानेवारी २०२१ मध्ये दाखवली आणि मार्च २०२२ मध्ये ग्राहकांना देऊ लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीवायडीने ‘गॉड्स आय’ ही यंत्रणा आपल्या बहुतेक मॉडेलांत जादा किंमत न घेता देण्याची घोषणा केली. तिच्या प्राथमिक आवृत्तीतही १२ कॅमेरे आहेत आणि सुमारे ७० हजार युआन किमतीच्या छोट्या ‘सीगल’ मोटारीचाही त्यात समावेश होता.

महागड्या मोटारीतून स्वस्त मोटारीत उतरायला दहा वर्षे लागतात, हा जुना ठोकताळा त्यामुळे चीनपुरता तरी मोडला. मात्र वेगालाही लगाम लागतो. मार्च २०२५ मध्ये शाओमीच्या एका मोटारीच्या जीवघेण्या अपघातानंतर चीन सरकारने एप्रिलमध्ये वाहन कंपन्यांना अतिशयोक्त जाहिराती न करण्याची तंबी दिली. ‘स्वयंचलित’ हा शब्द वापरण्यावर मर्यादा आल्या. एक अपघात आणि एक परिपत्रक वेळापत्रक बदलू शकते, हे अंदाज बांधणाऱ्याने धरूनच चालावे लागते.

कायद्याची तारीख किती भरवशाची?

कायदा हा अंदाजाचा सर्वांत मजबूत आधार असतो, पण तो संथ असतो. मोटार मागे घेताना लहान मुले चाकाखाली येण्याच्या घटनांनंतर अमेरिकेत २००८ मध्ये कायदा झाला. मागचा कॅमेरा सक्तीचा करणारा अंतिम नियम २०१४ मध्ये निघाला आणि सर्व नव्या मोटारींना तो १ मे २०१८ पासून लागू झाला. दहा वर्षे गेली. पण एकदा तारीख नक्की झाल्यावर कंपन्यांनी तिच्या आधीच कॅमेरे बसवायला सुरुवात केली.

युरोपीय संघात आपोआप ब्रेक लावणारी आणि लेन सुटू न देणारी यंत्रणा जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. अमेरिकेत आपोआप ब्रेकचा नियम एप्रिल २०२४ मध्ये निघाला आणि त्यात सप्टेंबर २०२९ची मुदत देण्यात आली. रात्रीच्या अंधारात पादचारी ओळखण्याची अटही त्यात आहे. अशी अट असली की साधा कॅमेरा पुरेसा ठरेल का, हा प्रश्न प्रत्येक कंपनीला सोडवावाच लागतो. त्यामुळे नवी यंत्रणा कधी येईल याचे उत्तर अनेकदा तंत्रज्ञानाच्या बातमीपेक्षा नियमाच्या मुदतीत लवकर सापडते.

अंदाज कुठे फसतो?

पहिली फसगत विक्रीच्या आकड्यांत होते. पुरवठादाराने चिप विकली म्हणजे ती मोटारीत बसली असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये मोबिलआयने सांगितले की ग्राहक कंपन्यांकडे ६० ते ७० लाख चिपचा जादा साठा पडून आहे. करोनाकाळातील टंचाईच्या अनुभवामुळे कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त माल घेऊन ठेवला होता. विक्रीचा आलेख पाहून ‘मागणी वाढतेय’ असा निष्कर्ष काढणारे तेव्हा चुकले.

दुसरी फसगत म्हणजे एकदा स्वीकारलेली गोष्ट कायम राहील असे समजणे. व्होल्वोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली ‘ईएक्स९०’ मोटार सादर करताना छतावरील लायडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणारे उपकरण, सर्व मोटारींत देणार असे सांगितले. उत्पादन लांबून २०२४ वर गेले. पुढे २०२६च्या मॉडेलातून व्होल्वोने लायडारच काढून टाकला. तो पुरवणाऱ्या ‘ल्युमिनार’ या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. टेस्लानेही २०२१ मध्ये अमेरिकेतील मोटारींतून रडार आणि २०२२ मध्ये अल्ट्रासॉनिक सेन्सर काढले. पुढे काय बसेल याबरोबर काय निघेल, याचाही अंदाज करावा लागतो.

तिसरी फसगत नव्या मोटारी आणि रस्त्यावरील मोटारी यांत गल्लत करण्याची. अमेरिकेतील विमा कंपन्यांशी संलग्न संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार, सुरक्षेची नवी सुविधा पहिल्यांदा आल्यापासून रस्त्यावरील जवळपास सर्व वाहनांत पोहोचायला साधारण तीन दशके लागतात. कारण सोपे आहे, जुन्या मोटारी लगेच भंगारात जात नाहीत.

कोणत्या खुणा पाहायच्या?

घोषणेला सर्वांत कमी वजन द्यायचे. पुरवठादाराने ‘अमुक वाहन कंपनीने निवड केली’ असे तिमाही निकालात सांगितले तर त्याला अधिक वजन. उत्पादन सुरू होण्याची तारीख करारात असेल तर आणखी. वाहनाच्या मान्यतेसाठी सरकारकडे कागद दाखल झाले, सुट्या भागांच्या यादीत नवा क्रमांक आला किंवा दुरुस्ती पुस्तिकेत कॅमेऱ्याच्या जुळवणीची नवी पद्धत आली, की गोष्ट काही महिन्यांवर आलेली असते. एकच तारीख सांगण्याऐवजी ‘२०२७ अखेरपर्यंत शक्यता ४० टक्के, २०२९ अखेरपर्यंत ८० टक्के’ अशा भाषेत बोलणे अधिक प्रामाणिक असते. हवामान खात्याचे पावसाचे अंदाज असेच असतात. नंतर किती वेळा बरोबर आलो, याची नोंद ठेवली तर अंदाज करणाऱ्याची पारख होते.

महाराष्ट्राशी आणि भारताशी संबंध काय?

पुणे जिल्ह्यातील चाकण परिसरात तयार झालेल्या महिंद्राच्या ‘एक्सयूव्ही७००’ने २०२१ मध्ये चालकाला मदत करणारी कॅमेरा-रडार यंत्रणा, म्हणजे ‘एडास’, तुलनेने आवाक्यातील किमतीत आणली. टाटाच्या हॅरियर, सफारी या मोटारींत ती २०२३ मध्ये आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या विजेवरील मोटारी सादर केल्या, त्यांत मोबिलआयची सहाव्या पिढीची चिप आहे. ही चिप जगात उत्पादनात आली ते वर्षही २०२४च. एकेकाळी परदेशात जुने झालेले तंत्र भारतात यायचे, ते अंतर काही मोटारींपुरते तरी मिटल्याचे हे लक्षण आहे.

मात्र कॅमेरा येणे आणि मोटार आपोआप चालणे यांत भारतात मोठी दरी आहे. मिटलेले पट्टे, पावसाळ्यात काचेवरचा चिखल, उलट दिशेने येणारी दुचाकी ही कॅमेऱ्याची परीक्षा आहे. धोरणही स्पष्ट आहे. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०२३च्या डिसेंबरमध्ये नागपुरात, चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून चालकविरहित मोटारींना भारतात येऊ देणार नाही, असे सांगितले होते. त्याच वेळी सुरक्षेसाठी कॅमेऱ्यांना सरकारचा पाठिंबा आहे. मोठ्या बस आणि ट्रकमध्ये आपोआप ब्रेक, चालकाच्या डुलकीचा इशारा आणि लेन सुटल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा मार्च २०२५ मध्ये निघाला. त्यामुळे भारतात कॅमेरे वाढतील, पण ते चालकाच्या जागी न येता त्याच्या मदतीला येतील, हा अंदाज सध्या सर्वांत सुरक्षित म्हणता येतो.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावे?

मोटार आज जे करते त्याचेच पैसे मोजणे, हा साधा हिशेब. भविष्यातील सुविधेसाठी आगाऊ रक्कम देताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. कायद्याने परवानगी मिळाली नाही तर रक्कम परत मिळणार का, आताचा कॅमेरा किंवा संगणक अपुरा ठरला तर बदलण्याचा खर्च कोण करणार आणि मोटार विकली तर ही सुविधा नव्या मालकाला मिळणार की नाही. शिवाय कॅमेरा पुढच्या काचेमागे असल्याने काच बदलल्यावर त्याची पुन्हा जुळवणी करावी लागते. तो खर्च विम्यात धरला आहे का, हेही पाहावे.

चाकण, पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील लघुउद्योजकांसाठी हा हिशेब आणखी महत्त्वाचा आहे. वायरिंग, काचा किंवा कॅमेऱ्याचे आवरण बनवणाऱ्याला साच्यात पैसे दोन वर्षे आधी गुंतवावे लागतात. फार लवकर गुंतवले तर माल पडून राहतो, उशिरा गुंतवले तर काम दुसऱ्याकडे जाते. त्याच्यासाठी ‘नवा कॅमेरा कधी येणार’ हा प्रश्न कर्जाच्या हप्त्याचा असतो. म्हणूनच व्यासपीठावरील घोषणेपेक्षा नियमाची मुदत, उत्पादन सुरू होण्याची तारीख आणि मागच्या पिढीला लागलेली वर्षे या तीन आकड्यांवर त्याने भिस्त ठेवणे अधिक शहाणपणाचे.